वाकडी वेणी

कारखान्यात आयुष्यभर सरळ रेषा ओढलेल्या ड्राफ्ट्समनला बायकोची वेणी मात्र कधी सरळ घालता आली नाही. तिचा खांदा आखडला, हात कानाच्या वर जाईना, तेव्हा हे खातं त्याच्याकडे आलं. रोज सकाळी ती खुर्चीत आणि तो मागे उभा, दुखरा गुडघा कपाटाला टेकवून. मेहुणी विचारायची, "भाऊजी, वेणी आहे की पायपुसणं?" बायको ते पायपुसणं पाठीवर घेऊन शाळेत शिकवायला जायची.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. खांद्याने नाही, हृदयाने दगा दिला. हृदयाकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

आता तो एकटाच हाडांच्या डॉक्टरांसमोर बसला होता. एक्सरे पाहून डॉक्टरांनी चष्मा काढला. चष्मा काढून सांगितलेली बातमी चांगली नसते, एवढं त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

"काका, गुडघा पार झिजलाय. तेव्हाच ऑपरेशन करून टाका म्हणत होतो ना मी? आता पाय कितपत सरळ होईल, सांगता येत नाही."

"तेव्हा कसं करणार? मी आडवा पडलो असतो तर हिचे केस कोणी विंचरले असते?"

डॉक्टर टेबलावरचा प्लॅस्टिकचा गुडघा उगाच वाकवत बसले.

"काकूंचा खांदा तर केव्हाच मोकळा झाला होता," शेवटी ते म्हणाले. "इथेच, माझ्यासमोर अंबाडा बांधून दाखवला त्यांनी. वर मला दम, 'ह्यांना बोलायचं नाही हं. रिटायर झाल्यापासून सकाळी उठायला तेवढं एकच निमित्त उरलंय. भांग पाडताना कसे रंगात येतात!'"

"म्हणजे ती मुद्दाम वाकडी वेणी घेऊन..."

"हो."

त्याने दुखऱ्या गुडघ्यावरून हात फिरवला. "मी ऑपरेशन का टाळतोय, ते तिला माहीत होतं?"

"तुम्ही सांगितलं होतंत?"

"छे. तिला सांगितलं, मला भुलीची भीती वाटते."

तो हसला. हसू चेहऱ्यावर होतं तिथेच राहिलं आणि डोळे वाहायला लागले. डॉक्टरांनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. हाडांच्या दवाखान्यात हेही ठेवतात, हे त्याला नवीनच होतं.

"तारीख बघू या, काका? तपासण्यांना सकाळी लवकर यावं लागेल. जमेल?"

"न जमायला काय झालं?" आपला चष्मा पुसत तो म्हणाला. "सकाळी आता मला काही काम नसतं."