तांबडीचं अंडं

तांबडी पुन्हा ओरडली. कॉक् कॉक् कॉक् कोऽऽक्! गोमतीबाईने हातातलं सूप टाकलं, परसात धाव घेतली आणि टोपलीत हात घातला. टोपली रिकामी. आज अकरावा दिवस.

"मेली गाव डोईवर घेत्ये, आणि टोपलींत कांहीं नाहीं!" ती करवादली.

तंजावरची गादी जाऊन चाळीस वर्षं झाली होती. कुंभकोणमच्या त्या गल्लीत मराठी बोलणारं घर आता एकच, गोमतीबाईच्या नवऱ्याचं, व्यंकोबा शिंप्याचं. मुलगी अंबुजा बाळंतपणाला आलेली. अंगात रक्त नाही, तान्ह्याला दूध पुरत नाही. वैद्याने तिला रोज एक अंडं सांगितलं होतं. म्हणून तर गोमतीबाईने तिरुनीलक्कुडीहून ही तांबडी आणली. घरची काळी आता म्हातारी, अंडी कधीच बंद, पण तोरा केवढा! दाण्यावर पहिली चोच तिची. तांबडी जवळ आली रे आली, की डोक्यावर टोच.

शेजारची अलमेलू ही गोमतीबाईची गल्लीतली एकुलती एक मैत्रीण. तिला कोंबड्यांची बोली कळायची. घार दिसली की एकच लांब किंचाळी, मुंगूस आलं की थांबून थांबून कटकट. कुंपणावरून तिने सांगितलंही होतं, "अक्का, ती ओरडते तिथे अंडं नसतं. काळीच्या भीतीने लपून घालते आणि मग कोंबड्याजवळ येऊन ओरडते. जाताना गप्प असते, तेव्हा बघ."

सरळ बोलणं. पण रिकामी टोपली पाहून पाहून गोमतीबाईचं डोकं फिरलं होतं. हिला एवढं ठाऊक, मग अंडी कोण उचलतं तेही हिलाच ठाऊक!

तिने अलमेलूला हाताला धरून मारिअम्मनच्या देवळात नेलं. "खरी असशील तर पेटता कापूर मुठीत विझव." त्या मुलखातली ही शेवटची शपथ, खोटं बोलणाऱ्याचा वंश बुडतो म्हणतात. चार बायका बघत होत्या. अलमेलूने तळहातावर कापूर पेटवला आणि मूठ मिटली.

तरी दुसऱ्या दिवशी टोपली रिकामीच. गोमतीबाई चिडून रडायची बाकी राहिली. तिसऱ्या सकाळी तिने नवऱ्याचं काळ्या दोऱ्याचं रीळ उचललं आणि टोक तांबडीच्या पायाला बांधलं.

"अगे, तें कोटाचें रीळ!" व्यंकोबा विठ्ठलाच्या पूजेवरून ओरडला.

"अस्के, सगळे कोट जळोत! मज अंडं पाहिजे."

तांबडी काळीवर एक डोळा ठेवून, चकार शब्द न काढता, मागच्या दाराने घरातच शिरली. दोरा स्वयंपाकघरातून ओसरीवर गेला आणि व्यंकोबाच्या कापायच्या फळीखाली, चिंध्यांच्या ढिगात थांबला. तो पूजेला बसे तेवढ्यात रोज हिचं काम उरकत होतं. ढिगात बारा अंडी होती आणि तेरावं येऊ घातलं होतं.

गोमतीबाईला घरातल्या घरात लाज वाटली. पदरात सहा अंडी घेऊन ती अलमेलूच्या दारात गेली. अलमेलूच्या हाताला चिंधी बांधलेली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"अंडी अंबुजाला खायला घाल. पोर अशक्त आहे," ती म्हणाली. मग चिंधी सोडून तिने भाजलेला तळवा पुढे केला. "आणि यावर विझवलेला कापूर परत पेटवून दे, जमत असेल तर."

तेवढ्यात गोमतीबाईच्या परसात काहीतरी किंचाळलं आणि ती तिकडे वळली. काळी की तांबडी, घार की मुंगूस? विचारायला तिने सवयीने अलमेलूकडे तोंड वळवलं. दार लागलं होतं.