सोवळ्याचं निमित्त

"वैनी, आमच्या विहिरीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

शामलाच्या एका कडेवर घागर होती, दुसऱ्या कडेवर तान्ही राजी. पाटणकर बाजारातल्या देवळाच्या विहिरीवरून दौलतगंजपर्यंत येताना दम निघाला होता, आणि नेमक्या दारातच शेजारच्या शांताताई उभ्या. त्यांचे यजमान दरबारच्या पलटणीतले. संस्थान गेलं, पलटण मोडली, आता पेन्शनीवर घरीच असत.

"काही नाही हो. सहज."

"सहज कोण घागर घेऊन बाजार ओलांडतं? बात काय आहे, सांगा तरी."

खरं कारण सांगायची सोय नव्हती. सुचलं ते ती बोलून गेली, "सोवळ्याला आता देवळाचंच पाणी लागतं आमच्याकडे."

शांताताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग आळीतल्या विहिरीकडे. दोघींच्या बादल्या इतकी वर्षं त्याच दोरानं उतरत होत्या.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "म्हणजे आम्हा मराठ्यांचा हात लागतो, म्हणून. असू दे बाई. ब्राह्मणाचं घर आहे."

'नाही हो' एवढंच म्हणायचं होतं. शामला मान खाली घालून घरात गेली.

दिवाळीच्या सुमारास तिचे यजमान गोपाळकृष्ण एका संध्याकाळी चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात आले होते. ते कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आणि गावातल्या विहिरींचं पाणी तपासायचं संशोधनाचं काम त्यांच्याकडे होतं.

"उद्यापासून इथलं पाणी प्यायचं नाही. संडासाचं झिरपतंय विहिरीत."

"अगंबाई! शांताताईंना सांगून येते."

"थांब. सांगता येत नाही." ते पाटावर टेकले. "दरबारचं अनुदान असतं, तर मीच दवंडी पिटली असती. अनुदान म्हणजे पैसे घ्या, शोधा, सापडेल ते तुमचं, छापा, सांगा. नव्या सरकारनं केलाय करार. त्यात काम त्यांचं, आपण फक्त करून द्यायचं. सापडलं तेही त्यांचं. खात्याच्या परवानगीवाचून बाहेर अवाक्षर काढायचं नाही. सही केलीय मी."

"मग मागा ना परवानगी."

"मागितली. खातं नव्या राजधानीला, भोपाळला गेलं. इथले म्हणतात तिकडे विचारा, तिकडचे म्हणतात अजून टेबलंच लागली नाहीत." ते ओशाळं हसले. "मी सुचवलं होतं, तिसऱ्या प्रकारचा कागद करू. काम दोघांचं, काय जाहीर करायचं तेही दोघांनी ठरवायचं. प्राचार्य म्हणाले, गोपाळराव, तुमची नोकरी अजून पक्की व्हायचीय."

परवानगी आज येईल, उद्या येईल, म्हणत दोघं गप्प राहिले.

आणि आता हे सोवळं. शांताताईंची नात मंदी रोज दुपारी राजीचा पाळणा हलवायला यायची, ती येईनाशी झाली. शामला बाहेर पडली की आळीतल्या बायका एकमेकींना म्हणत, "सरका गं, देवळाची घागर आली." कुणालाच त्यात नवल वाटलं नाही. आपलं खोटं इतक्या सहज पटावं, याची शामलाला खोट्यापेक्षा जास्त लाज वाटे.

माघात एके सकाळी दूधवाला म्हणाला, "मंदी बिटिया बहुत बीमार है, बहूजी. कल से दस्त लगे हैं."

जुलाब ऐकताच शामलानं देवळाच्या पाण्याची भरलेली घागर उचलली, राजीला काखेत मारलं आणि शांताताईंचं दार गाठलं.

"अगोबाई, इथवर कशाला आलात? विटाळ व्हायचा."

"ताई, विहिरीचं पाणी वाईट आहे. संडासाचं उतरतंय त्यात. सोवळं-बिवळं काही नव्हतं. यांनी सरकारला सही दिलीय, बोललो तर नोकरी…"

"कधीपासून ठाऊक आहे?"

"दिवाळीपासून."

आत मंदी कण्हली. शांताताई राजीच्या गुबगुबीत पायांकडे बघत राहिल्या.

"हिला नाही ना पाजलंत ते?"

"नाही."

"चांगलं केलंत." टोमणा असता तर शामलाला सोसला असता. त्यांनी घागर उचलून आत सुनेपाशी दिली, यजमानांना डॉक्टरकडे पिटाळलं आणि पदर खोचत म्हणाल्या, "तुम्ही तोंड उघडू नका आता. मी बघते."

त्यांनी ओसरीवरची खाट ओढत नेली आणि विहिरीवर पालथी घातली. बायका जमल्या.

"पाण्याला वास येतोय. आजपासून इथं कुणी भरायचं नाही. चला देवळाच्या विहिरीवर."

"आम्हाला नाही आला वास, काकी. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोण सांगणार? पलटणीच्या तबेल्याशेजारी जन्म काढला मी. मला नका नाक शिकवू."

सगळ्या हसल्या आणि निघाल्या. देवळाच्या विहिरीवर शामला मुद्दाम सर्वांच्या मागे उभी राहिली. शांताताईंची पाळी आली. त्यांनी बादली उतरवली नाही. मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"वैनी, तुम्ही आधी भरा. तुमचं सोवळ्याचं आहे."

बायकांनी पदर आवरून वाट दिली. शामला पुढे झाली. शांताताईंनी दोर तिच्याकडे केला, हाताला हात लागणार नाही अशा बेतानं.