यादीच्या पोटातली अट

सासूबाईंच्या मोतीबिंदूला दीड वर्ष झालं, तरी इस्पितळाच्या प्रतीक्षा यादीत त्यांचं नाव काही येईना. डावा डोळा आता दार आणि कपाट एकच मानू लागला होता.

“तू तिथेच कॉम्प्युटर सांभाळतेस ना?” त्या सुनेला म्हणाल्या. “की नुसती धूळ झटकतेस?”

सुनेचा संशय हेडक्लार्कवर होता. त्याच्या साडूचा डोळा अडीच महिन्यांत झाला होता, आणि तेव्हापासून ती दिसली की तो फाइलीत तोंड खुपसायचा. कुठेतरी पाणी मुरत होतं.

सोमवारी डबा न उघडताच ती कामाला लागली. मूळ तक्त्यात सगळे रुग्ण होते, सासूबाईही. पण मूळ तक्ता उघडतो कोण? सगळे बघायचे तो ‘व्ह्यू’. म्हणजे एकदा लिहून ठेवलेला प्रश्न. उघडला की अटींत बसणारे तेवढेच रुग्ण समोर येतात. अटी कोणत्या, हे नऊ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

तिने व्ह्यूची व्याख्या पडद्यावर आणली. हेडक्लार्क मागे येऊन उभा.

“काय शोधताय, मॅडम?”

“व्याख्या.”

“छान. माणसाला छंद हवा.”

सात ओळी. साडूचा कुठेच पत्ता नव्हता. सातवी ओळ मात्र म्हणत होती: शेवटचा फोन उचललेला असावा.

“ही कुणाची अक्कल?”

“आधीच्या साहेबांची. यादी फार लांब दिसायची. एकदा फोन करायचा. नाही उचलला, की माणूस गुप्त.”

“आणि तुमचे साडू?”

“तो राँग नंबरशीही अर्धा तास बोलतो.”

अनोळखी नंबर उचलायचा नाही, लुबाडतात, हे सासूबाईंकडून तिनेच महिनाभर घोकून घेतलं होतं.

तिने सातवी ओळ उडवली. चाळिसाची यादी दोनशे एक्कावन्नांवर गेली, सासूबाई तिसऱ्या. गुरुवारची जागा रिकामी होती, पण पाचच्या आत होकार हवा. तिने इस्पितळाच्या फोनवरून चारदा लावला. पाचव्यांदा उचलला गेला.

“आई, मी बोलतेय. गुरुवारी तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन. हो म्हणा.”

“आवाज हुबेहूब काढलायस,” सासूबाई म्हणाल्या आणि फोन आपटला.

मग तिने स्वतःच्या मोबाइलवरून लावला.

“बरं झालं बाई, तू केलास. आत्ताच एक भामटी तुझ्या आवाजात माझा डोळा मागत होती.”

“आई, ती मीच होते.”

“आणि आत्ता तूच आहेस कशावरून?”

हेडक्लार्कने पेन उघडलं. “नकार लिहू?”

“काही लिहू नका,” ती पर्स उचलत म्हणाली. “पाचच्या आत हाताला धरून घेऊन येते.”