माझ्या नळीतलं निळं पाणी

साहेब, तुम्ही खोटा हुकूम काढलात. घाण तुम्ही केलीत आणि दोष एका शिपायाच्या हाताला लावलात. हे मी तोंडावर सांगते, कारण मला आता भ्यायला काही उरलेलं नाही.

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. सरकारी कोठीत भिंतीला साखळीने बांधलेली आहे. माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यात झाला. माझ्या नळीच्या आत वळणदार खाचा आहेत. त्या खाचांमुळे गोळी गरगर फिरत सरळ जाते. खाचा साफ असतील तर मी शब्दाची पक्की असते.

खंडाळ्याच्या बंगल्यात राहणारे हे गोरे अंमलदार साहेब मला वापरत. सांबर मारत, आणि सांबर नसलं की दरीच्या कडेला बाटल्या मांडून त्या फोडत. पाहुणे माझी फार वाखाणणी करत. खानसामा माझं लाकूड तेलाने पुसून आरशासारखं करी. पण माझ्या आत कोणी पाहिलं का? कधीच नाही. गोळीवर तांब्याचं पातळ आवरण असतं. सुटताना ते घासतं आणि दर गोळीमागे थोडं तांबं खाचांत राहतं. थरावर थर चढत गेले. माझा नेम चुकू लागला, तेव्हा साहेबांनी मला जवळच्या कुरवंडे गावच्या अंबाजीला बक्षीस देऊन टाकलं. नेम चुकतो हे मात्र त्याला सांगितलं नाही.

अंबाजी पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईतून परतलेला शिपाई. गावाच्या भाताची राखण त्याच्याकडे होती, कारण रानडुकरं एका झडपेत शेत लोळवून जात. त्याने डुकरावर नेम धरला आणि माझी गोळी भलतीकडे गेली. शेजारच्या गेणूच्या बैलाच्या शिंगाचं टोक उडालं.

"आबा, माझ्या बैलाला सुळं दिसलं व्हय तुमास्नी?" गेणू म्हणाला. लोक हसले. अंबाजी हसला नाही.

ही बातमी खंडाळ्याला पोचली. साहेबांनी चौकशी केली नाही, हुकूम केला. अंबाजीचा हात थरथरतो, बंदूक बाळगण्यास तो नालायक आहे, लोणावळ्याच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ती काढून घ्यावी. मित्रांनो, बंदूक जाण्याचं दुःख त्याला होतंच, पण शिपायाच्या हाताला नाव ठेवलेलं त्याला सोसेना. आणि माझ्याशिवाय भात राखणार कोण?

त्याने माझ्या तोंडातून उजेडाकडे पाहिलं. "तांबं बसलंय आत," तो म्हणाला.

"तांबं हाय न्हवं? मग चिंच लावा की," त्याची बायको विठाबाई म्हणाली. "घागर न्हाई का लखलखत?"

"घागर न्हवं ही."

"तांबं त्येच न्हवं का?"

त्याला पटलं. दोघांनी मला आतून चिंच चोळली. काय झालं असेल? तांबं गेलं नाही, उजळलं! वर माझ्या पोलादाला आंबटाने गंजाचे ठिपके आले ते वेगळेच.

पण हा गडी हटला नाही. बाजारच्या दिवशी मला घोंगडीत गुंडाळून तो लोणावळ्याला मकसूद कल्हईवाल्याकडे गेला. चिंचेचं ऐकून मकसूद पोट धरून हसला. "अंबाजीभाऊ, तुमी तांब्याला आंघूळ घातली वो! घराभाईर कुटं काढलं?"

एवढं बोलून त्याने तापल्या पातेल्यावर नवसागर टाकला. पांढरा धूर उठला, नाकाला झोंबला, आणि अंबाजी ताडकन उठून उभा राहिला.

"ह्यो वास! आमच्या पलटणीत बंदुका साफ करणाऱ्या मिस्त्रीच्या बाटलीला ह्योच वास यायचा. त्यातली चिंधी नळीत घातली की निळी व्हऊन निघायची."

"मग नवसागरात चुना कालवू," मकसूद म्हणाला. "मंग बघा कसा झोंबतोय."

त्यांनी ते पाण्यात कालवलं, वरची निवळ घेतली, माझं मागचं तोंड बुचाने बंद केलं आणि निवळ पुढून ओतली. दोघांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. जरा वेळाने ओतून पाहतात तो पाणी निळं! पुन्हा ओतलं, पुन्हा निळं. चिंधी पांढरी निघेपर्यंत ते थांबले नाहीत. मग उकळत्या पाण्याने मला धुतलं, कोरडं केलं, गंज घासून काढला, तेल दिलं. पहिलं निळं पाणी अंबाजीने बाटलीत भरून घरी नेलं.

"आगं बया, मोरचुदावानी निळंशार की!" विठाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः मला न्यायला आले. अंबाजीने एकच गोळी मागितली. लांबच्या बांधावर गेणूने करवंटी ठेवली. अंबाजीने मला खांद्याला लावलं. मित्रांनो, तो हात माझ्या अंगावर होता. तो दगडासारखा स्थिर होता. करवंटीचे तुकडे उडाले.

"आबा, आता माजा बैल उभा करा बांधावर! खुशाल!" गेणू ओरडला.

अंबाजीने बाटली पुढे केली. "साहेब, ही तुमच्या गोळ्यांची घाण. नळीला एकडाव डोळा लावा."

साहेबांनी डोळा लावला नाही. "हुकूम झाला आहे," म्हणाले, आणि मला घेऊन गेले. त्या साली डुकरांनी कुरवंड्याचं भात लोळवलं.

मित्रांनो, कोणतीही वस्तू वरून पुसली म्हणजे साफ झाली असं समजू नका. आत बघा. आणि बिघडली तर आधी स्वतःला विचारा, मग दुसऱ्याच्या हाताला दोष द्या.

मी इथे गंजून मरणार नाही. अंबाजीने तेल भरपूर दिलंय. ती बाटली विठाबाईच्या फळीवर अजून आहे, आणि त्यातलं पाणी अजून निळं आहे. साहेब, करवंटी फुटलेली तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीत. मग अंबाजीचा हात थरथरतो हे तुमच्या हुकुमात अजून कसं? उत्तर द्या.