पहिली नोकरी कुठे केलीत?

लोकांना घाबरवणं हे माझं काम. दर रविवारी, वर्तमानपत्रात राशिभविष्याच्या शेजारी, साडेचारशे शब्दांत. अनोळखी लिंक दाबू नका, ओटीपी कुणाला सांगू नका, भाग न घेतलेल्या सोडतीचं बक्षीस लागलं तर ते शेजाऱ्याला लागू द्या. भविष्यवाला सांगतो की आठवडा सुखाचा जाईल, आणि मी तो जाऊ देत नाही. कचेरीत मला ‘सावधान’ म्हणतात. मला राग येतो, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटतं.

माझा सगळ्यात गाजलेला सल्ला होता, सुरक्षा-प्रश्नाचं खरं उत्तर कधी देऊ नका. पासवर्ड विसरलात की कंपनी विचारते, शाळा कोणती, पहिली गाडी कोणती. हे तर तुमच्या इस्त्रीवाल्यालाही ठाऊक असतं. तेव्हा खुशाल थाप मारा. मी नमुनाही दिला होता: पहिली नोकरी कुठे केलीत? उत्तर: चंद्रावर. त्या आठवड्यात एकवीस पत्रं आली. भविष्यवाल्याला आली चार.

हा सल्ला आईच्या हयातीतला. पुढचं घडलं तेव्हा तिला जाऊन अकरा महिने झाले होते. बाबांची नजर सहा वर्षांपूर्वीच गेली होती, आणि तेव्हापासून आई त्यांना वाचून दाखवायची. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा. वाचताना ते फोनवर रेकॉर्ड करून एका कंपनीच्या खात्यात ठेवायची, म्हणजे ती स्वयंपाकघरात असली तरी बाबांना तिच्या फोनवर ऐकता यावं. ती गेल्यावर आठवड्याभरात मी तिचा फोन कोरा करून टाकला. गेलेल्या माणसाचा फोन आधी पुसावा, चोरांच्या हाती लागू देऊ नये, असं मीच लिहिलं होतं. बाबा म्हणाले, “थोडं थांबला असतास.” मी म्हणालो, “खातं आहे ना, त्यात सगळं सुरक्षित आहे.”

सुरक्षित होतंच. एका बुधवारी चहाच्या वेळी बाबांच्या फोननं मेसेज मोठ्यानं वाचला: हे खातं बराच काळ वापरलेलं नाही, रविवारी त्यातल्या सगळ्या फायलींसह कायमचं बंद होईल. बाबांनी कप खाली ठेवला. “तिचा आवाज पुसणार म्हणजे?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “तुम्ही काळजी करू नका, हा माझा रोजचा विषय आहे.”

आईनं खात्याला बाबांचाच नंबर जोडला होता, म्हणून नवा पासवर्ड त्यांच्या फोनवर येणार होता, पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. तीन संधी. प्रश्न वाचून मला हसूच आलं. पहिली नोकरी कुठे केलीत?

आईनं जन्मात नोकरी केली नव्हती. म्हणजे उत्तर खोटंच असणार, आणि ते कोणी शिकवलं होतं? माझी छाती फुगली. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणून घरात माझी टिंगल चालायची, पण आईनं माझं ऐकलं होतं. मी ऐटीत ‘चंद्रावर’ असं लिहिलं.

चूक. उरलेल्या संधी दोन.

बाबा म्हणाले, “ती थापा मारणारी नव्हती रे. ‘घरी’ असं लिहून बघ. उभा जन्म घरातच राबली.” तेही चूक निघालं. आता एकच संधी उरली आणि बाबांचा हात टेबलावर उगाच चमचा शोधत राहिला. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. ते आंधळे असूनही टाळलं.

मी कंपनीला फोन लावला. तिथली बाई फार गोड होती. “सर, तुम्ही त्यांचे चिरंजीव आहात हे आम्ही कसं मानायचं?” मी म्हणालो, मृत्यूचा दाखला पाठवतो. ती म्हणाली, त्याची तपासणी होते, सहा आठवडे लागतात. मी म्हणालो, खातं रविवारी जाणार आहे. ती म्हणाली, आमच्यासाठी ग्राहकाची सुरक्षा सर्वात महत्त्वाची. मग तिनं मला एक माहितीपत्रक पाठवलं. त्यातला पाचवा मुद्दा माझ्याच सदरातून जसाच्या तसा उचललेला होता, माझ्या छपाईच्या चुकीसकट. चोराच्या उलट्या बोंबा म्हणाव्यात, तर चोर ती बाई नव्हतीच. घरातल्याच माणसाला दाराबाहेर ठेवायचं शास्त्र मीच लिहून दिलं होतं.

उरली मावशी, आईची थोरली बहीण. तिला फोन केला.

“मावशी, आईनं लग्नाआधी कुठे काम केलं होतं का?”

ती म्हणाली, “कोण बोलतंय?”

“मी. तुझा भाचा.”

“आवाज तर त्याचाच आहे. पण त्यानंच लिहिलंय की हल्ली यंत्र कुणाचाही हुबेहूब आवाज काढतं. घरातलं काही विचारलं तर फोन ठेवायचा.” आणि तिनं ठेवला.

शुक्रवारी दोन बस बदलून मी तिच्या दारात उभा राहिलो. तिनं साखळी न काढता फटीतून मला नीट बघितलं, मग आत घेतलं. पाणी दिलं. मी पुन्हा तेच विचारलं.

“तुला कशाला हवंय?” ती म्हणाली. मी सगळं सांगितलं. तिनं उठून दाराची साखळी पुन्हा लावली.

“रेल्वे स्टेशनवर,” ती म्हणाली. “गाड्यांच्या घोषणा करायची. अमुक गाडी अमुक फलाटावर येत आहे. दोन वर्षं केलं तिनं. काय आवाज लागायचा तिचा! लोक गाडी गेल्यावरही ऐकत उभे राहायचे.”

“मग आम्हाला कुणालाच कसं माहीत नाही?”

“तुझ्या बाबांचं स्थळ आलं तेव्हा मध्यस्थ म्हणाला, त्यांना नोकरी केलेली मुलगी नकोय. आमच्या वडिलांनी तिला बजावलं, हा विषय इथेच पुरायचा. तिनं पुरला. पुढे काढणार तरी कशी? इतकी वर्षं लपवलं असं झालं असतं.”

परतीच्या बसमध्ये मला माझ्याच हुशारीची शिसारी आली. आईनं माझा सल्ला पाळलाच नव्हता. तिनं चक्क खरं उत्तर लिहिलं होतं, आणि ते कुठल्याही थापेपेक्षा पक्कं होतं, कारण आम्हा घरच्यांतल्या कुणालाही ते सुचणार नव्हतं.

घरी आलो. बाबा टेबलापाशीच बसले होते. मी ‘रेल्वे स्टेशन’ असं लिहिलं. बाबांच्या फोनवर पासवर्ड आला आणि खातं उघडलं. तीनशे सव्वीस फायली. मी हाताला लागली ती लावली, आणि आई कुठल्यातरी प्रवासवर्णनातलं पान वाचू लागली, एकेक शब्द सुटा, ठसठशीत, घाई नाही.

बाबांनी ते पान पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, “उत्तर काय होतं?”

उत्तर कुणाला सांगायचं नसतं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि मावशीनं सांगितलेलं सगळं सांगितलं, मध्यस्थाचं वाक्यसुद्धा.

“मी असं कधी म्हटलंच नव्हतं,” बाबा म्हणाले. “ते माझ्या वडिलांचं म्हणणं असेल. मला चाललं असतं.” मग म्हणाले, “सत्तेचाळीस वर्षं. लग्नाआधी तू काय करायचीस, एवढं मी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मी एकदाही विचारलं नाही.”

मीही नव्हतं विचारलं. मी तिला आयुष्यात एकदाच काही विचारलं होतं, तिची परीक्षा घ्यायला म्हणून, तिचा पासवर्ड. तो तिनं सांगितला नाही, आणि मला तिचं केवढं कौतुक वाटलं होतं.