शुभेच्छुक मधुसूदनराव

कुठेही मोकळी जागा दिसली की मधुसूदनरावांना तिथे आपला फोटो लावावासा वाटे. मग तो चौकातला खांब असो, गणपतीचा मांडव असो, नाहीतर स्वतःच्या वर्कशॉपची वेबसाइट. कुंदा त्यांची बायको, म्हणून हे सोसणं तिच्या वाट्याला आलेलं.

वर्कशॉप पांढरकवड्यात, हायवेला लागून. जिनिंगमध्ये सरकीपासून रुई वेगळी करणारे रोलर तिथे दुरुस्त होत. काम सगळं मिस्त्री हाफिजभाईंच्या हातचं. रावांच्या हाताला ग्रीस लागलेलं कोणी पाहिलं नव्हतं. कापसाचे दिवस फिरले आणि आसपासच्या जिनिंगना एकेक करून कुलपं लागली. हाफिजभाईंनी सरळ सांगून टाकलं, "भाभी, पोळ्यापर्यंत बाहेरचं काम आलं तर थांबतो. नाही तर आदिलाबादले जा लागते. मलेही घर आहे." हाफिजभाई गेले की वर्कशॉप म्हणजे नुसते पत्रे, हे कुंदाला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून तिनं एकदाची ती वेबसाइट उघडली आणि कपाळावर हात मारला. पानाचं नाव काय, तर 'आपले हार्दिक स्वागत'. खाली समाजाच्या झाडून साऱ्या पुढाऱ्यांचे फोटो, मधोमध फेटा बांधलेले राव. रोलर हा शब्द औषधालासुद्धा नाही.

"अहो, मशीन बंद पडलेला माणूस गूगलवर 'हार्दिक स्वागत' शोधते का?"

"तुले काय समजते त्यातलं? मानाची माणसं वर नको?"

कुंदा कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. पाठीवर नाव नसलेलं पुस्तक कपाटात असून नसल्यासारखंच, एवढं तिला कळत होतं. तिनं पानाचं नाव केलं 'जिनिंग रोलर दुरुस्ती, पांढरकवडा'. मथळाही तोच. खाली दोन ओळींत काम काय होतं आणि कुठे होतं ते. प्रत्येक कामाला वेगळं पान दिलं, फोटोंना त्या त्या भागाची नावं दिली, आणि पुढाऱ्यांना उचलून पार शेवटच्या पानावर टाकलं. रावांनी मग अक्कल पाजळली, की रोलर हा शब्द शंभरदा लिहून टाक.

"माणसानं वाचायचं आहे ते," कुंदा म्हणाली. "जप नाही करायचा."

महिनाभरात शोधलं की वर्कशॉप वरच दिसू लागलं. कुंदाला हायसं वाटलं. पोळ्याला ती निर्धास्त मनानं माहेरी, यवतमाळला गेली.

इकडे रावांना राहवेना. चौकात सगळ्यांचे बोर्ड लागलेले, आणि आपली वेबसाइट कोरी? त्यांनी पहिल्या पानावरचं सगळं पुसलं, फोन नंबरसकट, बाकीची पानंही उडवली, आणि एकच भलंमोठं चित्र चिकटवलं. सजवलेली बैलजोडी, वर पुढारी, मधोमध स्वतः. पानाचं नाव, 'पोळ्याच्या हार्दिक शुभेच्छा'. चित्रातली अक्षरं गूगलला धड वाचता येत नाहीत, आणि आली असती तरी त्यात वाचण्यासारखं काय होतं?

पोळा सरला. काम आलं नाही. हाफिजभाई बॅग घेऊन आदिलाबादच्या गाडीत बसले. दोन आठवड्यांनी, कुंदा माहेराहून परतली होती तेव्हा, त्यांचा फोन आला.

"भाभी, इथल्या जिनिंगच्या सेठनं मागच्या महिन्यात गूगलवर आपलं वर्कशॉप पाह्यलतं. सगळे रोलर तिकडेच पाठवणार होते. ऐन वेळेस शोधलं तर सापडेच ना. जुनं पान उघडलं तर बैलं दिसले, म्हणे. नंबरही नाही. मंग कोणीतरी माहं नाव सांगितलं, तर मलेच ठेवून घेतलं. आता दुरुस्ती इथंच करून राह्यलो."

रागानं कुंदाचे डोळे भरून आले. तेवढ्यात रावांनी तिच्या हातातून फोन घेतला.

"फोटो पाह्यला म्हणता का सेठनं?"

"हो ना दादा. विचारत होते, हे साहेब कोणत्या पार्टीचे."

रावांचा चेहरा उजळला. "पाह्य," ते बायकोला म्हणाले, "आदिलाबादपर्यंत नाव गेलं."

कुंदा उठली. खुंटीवरची वर्कशॉपची किल्ली काढून तिनं त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"दसऱ्याचा बोर्ड तिथंच लावा," ती म्हणाली. "जागा मोकळी झाली आहे."