न हलण्याचं काम

“पाय हलला तुझा,” ऑर्फा आत्या म्हणाली.

“अंगठा हलला नुसता.”

“अंगठा पायालाच असतो ना? आणि बोलू नकोस.”

डेल्मा गप्प झाली. पहाटे पाचपासून ती समुद्राकडच्या खोलीत जमिनीवर निजून होती. अंगावर सासूचं जुनं राखाडी कांबळं, डोकं किनाऱ्याच्या दिशेनं. नवऱ्याची नाव देवमाशामागे गेली की बायकोनं निश्चल पडून राहायचं. खायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, कूस बदलायची नाही. ती जितकी शांत, तितका देवमासा शांत. ती उठली की तो बिथरतो आणि खोल समुद्राकडे निघून जातो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या या मकाह लोकांत हे प्रत्येकाला ठाऊक होतं, पण प्रत्यक्ष करून पाहिलेली एकही बाई आता जिवंत नव्हती. सत्तर वर्षांत शिकारच झाली नव्हती. नवऱ्याच्या, लेलँडच्या, या आत्यानं आठ वर्षांची असताना आपल्या आईला असं निजलेलं पाहिलं होतं, आणि तेवढ्या भांडवलावर ती आज खुर्चीत बसून हुकूम सोडत होती.

डेल्मानं सव्वीस वर्षं गावातल्या म्हाताऱ्यांच्या जेवणघरात स्वयंपाक केला होता. रोज चाळीस पानं. पोती उचलायची, पातेली घासायची, वर कुणाला मीठ कमी लागतं नि कुणाला जास्त ते ध्यानात ठेवायचं. आयुष्यात तिला कुणी सांगितलं नव्हतं की बाई, तू काहीही करू नकोस, त्यातच आमचं भलं आहे. पाठ लाकडासारखी झाली होती. तरी ती तक्रार करणार नव्हती, कारण आज नावेत पुढे, भाला घेऊन लेलँड बसला होता.

लेलँड बंदरावर बर्फ फोडायचा, मासळीच्या पेट्या उतरवायचा. उभ्या जन्मात कुणी त्याला पुढे बसवलं नव्हतं. पण भाल्याची जागा त्याच्या आजोबांची होती, म्हणून ती त्याच्याकडे आली. शिकारीआधीची शुद्धी म्हणून सहा महिने तो रोज पहाटे तळ्याच्या गार पाण्यात उतरत होता, बाहेरच्या सोफ्यावर वेगळा झोपत होता. त्रेसष्ट वर्षांचं वय आणि दुखरा गुडघा. पुढच्या वर्षी ती जागा एखाद्या तरुणाला जाणार हे सगळे धरूनच चालले होते. त्याला मिळणारी संधी ही एवढीच.

आणि तीही सुखासुखी मिळत नव्हती. तीन आठवडे खाडीच्या तोंडाशी शहरातून आलेल्या लोकांच्या बोटी नांगर टाकून बसल्या होत्या. कर्णे, भोंगे, पाट्या. ‘तुमचे आजोबा रानटी होते, तुम्ही तरी सुधारा,’ अशी एक पाटी डेल्मानं स्वतः वाचली होती. सरकारनं शिकारीचा हक्क तहात लिहून दिला त्याला दीडशे वर्षं होत आली होती. पण तह वाचतो कोण? शहरातल्या न्हाव्यानं तर लेलँडला खुर्चीतून उठवलं. देवमासे मारणाऱ्यांचे केस मी कापत नाही, म्हणाला. लेलँड अर्धवट कापलेल्या केसांनी घरी आला आणि डेल्मानं उरलेले कापले.

बाहेर हेलिकॉप्टर घरघरत होतं. म्हणजे टीव्हीवाले आलेच. लांबून भोंग्यांचे आवाज येत होते, मध्येच कमी होत होते. सगळं गाव टेकडीवर बघायला गेलं होतं. किनाऱ्याच्या या टोकाला फक्त डेल्मा आणि आत्या. आणि आत्याला डुलकी लागली होती. हुकूम सोडता सोडता तिची मान छातीवर पडली आणि ती घोरू लागली.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

“कुणी आहे का? प्लीज... कुणी आहे का?”

पोरीचा आवाज होता, गावातला नव्हता. उठायचं नाही, डेल्मानं स्वतःला बजावलं. पुन्हा थाप. मग ओसरीच्या फळ्यांवर धप्पकन काहीतरी पडलं. भिंत पातळ होती. पलीकडे दात वाजत होते, ते आत स्पष्ट ऐकू येत होते. डेल्मा ऐकत राहिली. कुणीतरी येईल, ती मनात म्हणाली. पण येणार कोण? गाव टेकडीवर होतं.

मग दात वाजायचे थांबले.

इथल्या पाण्यात पडलेल्या माणसाचे दात वाजतात तोवर काळजी नसते. थांबले की घाई करायची असते. हे इथं कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना माहीतच असतं. डेल्मा उठली. पाच तास आखडलेले गुडघे कटकन वाजले आणि आत्या मात्र तशीच घोरत राहिली.

पोरगी तेवीस-चोवीस वर्षांची असेल. अंगात काळा रबरी सूट, पायात एकच बूट. ती पाण्यावरची स्कूटर घेऊन नावेला आडवी जायला निघाली होती आणि लाटेनं तिला खडकांपाशी उलटवलं होतं. डेल्मानं तिला काखेत धरून स्वयंपाकघरात ओढत आणलं, ओला सूट सोलून काढला, आणि हाताशी जे सगळ्यात गरम होतं ते तिच्याभोवती गुंडाळलं. स्वतःच्या अंगाच्या उबेचं कांबळं. आत्यासाठी केलेलं सार शेगडीवर होतंच.

बऱ्याच वेळानं पोरीचे दात पुन्हा वाजू लागले. डेल्मानं वाटी तिच्या तोंडाला लावली.

“यात... मासा आहे का?” पोरगी कुजबुजली.

“मासा आहे, बटाटा आहे. मरायचं असेल तर नको पिऊ.”

पोरगी प्यायली. दुसरी वाटीही प्यायली. मग तिला रडू फुटलं.

“तुम्ही किती चांगल्या आहात. तुम्ही त्यांच्यातल्या नाही वाटत.”

“कुणाच्यातल्या?”

“ते... मारणारे.”

“पुढे भाला घेऊन बसलाय ना, त्याची बायको मी.”

पोरीची वाटी हातातच राहिली. “मग दार का उघडलंत?”

“तू वाजवलंस म्हणून,” डेल्मा म्हणाली. “दोन्ही हातांनी धर. सांडशील.”

रस्त्यावर तिच्या सोबत्यांची गाडी भोंगा वाजवत तिला शोधत फिरत होती. ती ऐकून पोरगी उठली. कांबळं अंगाभोवती तसंच होतं. “हे पाठवून देते हं नक्की,” म्हणाली आणि एका बुटानं लंगडत गेली. डेल्मानं घड्याळ पाहिलं. साडेदहा व्हायला आले होते. ती परत जाऊन जमिनीवर निजली, आता नुसतीच, गार फळ्यांवर. कशासाठी निजली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

“कांबळं कुठंय?” जाग आल्यावर आत्यानं विचारलं.

“उकडत होतं.”

आत्यानं तिच्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, फळ्यांवरच्या ओल्या पावलांकडे पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच तिनं कुठला हुकूम सोडला नाही.

दोनच्या सुमाराला लेलँड आला आणि ओसरीच्या पायरीवर बूट काढत बसला. विचारायची गरजच नव्हती. मासा मिळाला असता तर गाव नाचत त्याच्या मागून आलं असतं.

“गेला,” तो म्हणाला. “हात वर होता गं माझा. इतका जवळ होता की त्याच्या श्वासाचा फवारा तोंडावर आला. अजून वास येतोय बघ. आणि एकदम फिरला.”

“बोटी आल्या असतील मध्ये.”

“कसल्या बोटी? त्या वेळी मैलभर लांब होत्या सगळ्या. कुणी हाक मारावी तसा फिरला.”

“किती वाजले होते?”

“दहा वाजून गेले होते.”

डेल्मा गप्प बसू शकली असती. आत्या बोलली नसती. पण सदतीस वर्षांच्या संसारात ती या माणसाशी फार खोटं बोलली नव्हती, आणि आजच्या दिवशी सुरुवात करायला तिची जीभ रेटेना.

“मी उठले होते,” ती म्हणाली. आणि सगळं सांगितलं.

लेलँड हातातल्या बुटाकडे पाहत राहिला. “पोरगी जगली?”

“जगली.”

“मग झालं.”

झालं नव्हतं. ते दोघांनाही कळत होतं. सहा महिने गार पाण्यात उतरलेला माणूस होता तो. तो आत गेला आणि त्यानं साबण लावून तोंड धुतलं.

चार वाजता सभागृहात नावेतले आठही जण आणि गावातले मोठे जमले. मासा फिरला कसा, असं विचारायच्या आधीच लेलँड उभा राहिला. “माझा हात थरथरला,” म्हणाला. “वय झालं.” क्लिफर्ड, त्याचा चुलतभाऊ, नावेत त्याच्या पाठीमागेच बसला होता. हात थरथरला नव्हता हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या खोट्याचं आयुष्य दोन तासांचं निघालं. सहाच्या बातम्यांत ती पोरगी आली. केस वाळलेले, गालांवर लाली आणि खांद्यांवर कांबळं. दोन निळे पट्टे, कोपऱ्याला लेलँडच्या आईनं लावलेलं लाल फ्लॅनेलचं ठिगळ. अख्ख्या गावात ते कांबळं न ओळखणारं एकही माणूस नव्हतं.

“गावातल्या एका बाईंनी मला घरात घेतलं,” पोरगी सांगत होती. “मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांनाही हे नकोय, फक्त बोलायची सोय नाही. आज देवमासा वाचला तो अशाच शूर बायांमुळे.”

“मी असं काही बोलले नाही,” डेल्मा म्हणाली.

“माहितेय,” लेलँड म्हणाला.

“दोन वाट्या सार प्यायली, ते नाही सांगत.”

आत्या टीव्हीकडे पाहतच होती. “माझ्या आईनं नसतं उघडलं दार,” ती म्हणाली. मग म्हणाली, “तिच्या दारात कुणी आलंच नाही म्हणा.”

फोन वाजायला लागले. दोघातिघांनी इकडून उचलल्याचा आवाज ऐकताच फोन ठेवून दिला. एकीनं विचारलं, किती दिवस होतीस गं त्यांच्यात? उजेड होता तोवरच क्लिफर्ड येऊन ओसरीवर उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

“मनाला लावून घेऊ नकोस लेलँड. मला काही नाही. पण पोरं म्हणतात की...”

“भाला दाराच्या मागे आहे,” लेलँड म्हणाला. “ने.”

क्लिफर्डनं भाला नेला. न्यावाच लागला असता कुणाला तरी. पण तो पायऱ्या उतरला तेव्हा लेलँडचा उजवा हात रिकामाच मांडीवर पडला होता आणि बोटं किंचित मिटलेली होती. ते पाहून डेल्माला त्या पोरीचा, तिच्या गाडीचा, टीव्हीवाल्यांचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा इतका संताप आला की तिनं उठून उगाचच स्वच्छ शेगडी घासली.

पाचव्या दिवशी देवमासा मिळाला. क्लिफर्डचा भाला पहिल्याच फेकीत लागला, मागच्या मोटारबोटीतल्या बंदुकीनं पुढचं काम केलं, आणि आंदोलकांच्या बोटी ओरडत राहिल्या. क्लिफर्डची बायको जोलीन घरात निजून होती. सारं गाव किनाऱ्यावर आलं. दोर ओढायला लेलँडही गेला, रांगेत शेवटून तिसरा. जोलीननं पुढे होऊन माशाच्या डोक्यावर गरुडाची मऊ पिसं टाकली, पाहुणा म्हणून त्याचं स्वागत केलं. म्हाताऱ्या बाया गाऊ लागल्या. आत्याही गात होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. सत्तर वर्षांनी ते गाणं खऱ्या माशासमोर म्हटलं जात होतं. डेल्मालाही गावंसं वाटलं, पण तिनं तोंड उघडलं नाही. कुणी वळून पाहिलं असतं तर?

जेवणाच्या टेबलांपैकी शेवटच्यावर ती उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं घेऊन उभी होती. कुणी तिला वाकडा शब्द बोललं नाही. लोक यायचे, मान हलवायचे आणि पलीकडच्या टेबलापाशी रांगेत उभे राहायचे. तिथलं पातेलं दोनदा भरून आणावं लागलं. डेल्माचं भरलेलंच होतं. सव्वीस वर्षं तिच्या हातचं खाल्लेली तोंडं होती ती.

मग जोलीन आली. एकटीच, ताट घेऊन. चौतिशीची बाई, आज गावानं डोक्यावर घेतलेली. आजूबाजूच्या बाया कौतुकानं पाहू लागल्या, काय मोठं मन आहे हिचं म्हणून. डेल्मानं तिला बटाटे वाढले. जोलीन टेबलावर वाकली, जणू मीठ घ्यायला.

“एक सांगू? कुणाला बोलणार नाहीस ना?” ती कुजबुजली. “मी दोनदा उठले होते गं. पाठ मोडली माझी. दुसऱ्यांदा तर मागच्या दारात बसून सिगारेट ओढली. हे म्हणतात, नेमका तेव्हाच मासा आपणहून नावेजवळ आला.”

डेल्मानं तिच्याकडे पाहिलं. जोलीनचे डोळे भरले होते आणि ती खरोखर घाबरलेली होती. चार पावलांवर क्लिफर्ड हसत उभा होता, त्याच्या पाठीवर लोक थापा मारत होते. आत्ता, इथं, एक वाक्य मोठ्यानं बोलायचा अवकाश होता.

“अजून एक घे,” डेल्मा म्हणाली आणि तिच्या ताटात बटाटा वाढला. जोलीन निघून गेली.

दोर ओढून हात सोललेला लेलँड तेवढ्यात येऊन तिच्या बाजूला उभा राहिला. जोलीन गेली त्या दिशेला पाहत त्यानं विचारलं, “काय म्हणत होती?”

“काही नाही,” डेल्मा म्हणाली. “बटाटे चांगले झालेत म्हणाली.”